हमालाचा हात

“तुमच्या हमालानं काल एका बाईला मारलं म्हणे,” पावाच्या दुकानातली उर्सेल पिशवीत पाव भरता भरता म्हणाली आणि रांगेतले तिघेचौघे हसले. गेर्विन ओस्टहोल्टही हसला. ब्याऐंशी वर्षांचा शिल्पकार सकाळी साडेसातला पावाच्या रांगेत उभा असला की वेर्सफेल्डमधलं कोणी ना कोणी त्याच्या पुतळ्यांवरून टोमणा मारणारच, त्याची त्याला सवय होती. औषधाच्या दुकानापुढच्या बाकावरचं म्हातारं जोडपं एकमेकांशी कधी बोलणार, शाळेपाशी दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या तिघी पोरी चाळीस वर्षं तिसरीतच कशा, बाजारातल्या बाईचे बटाटे सोलून व्हायचे कधी. सगळं ऐकून झालेलं. पण उर्सेल हसत नव्हती. “मस्करी नाही करत, ओस्टहोल्टसाहेब. स्टेशनवरचा तुमचा हमाल. त्या मेंकेबाई नाहीत का, दिसत नाही त्यांना, कोर्टात टेलिफोनवर होत्या, त्या जाऊन आदळल्या त्याच्या हातावर. दोन बरगड्यांना चीर गेली. अँब्युलन्स आली होती.” “कुठल्या हातावर?” असं गेर्विननं विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली. बाई कशी आहे हे विचारायचं सोडून त्यानं हात कुठला हे विचारलं होतं. शिवाय हमालाचा पुढे आलेला हात एकच आहे, हे उर्सेललाही ठाऊक होतं आणि रांगेतल्या सगळ्यांना. तो पाव न घेताच बाहेर पडला. उर्सेल पिशवी घेऊन मागे धावली तेव्हा तो कोपऱ्यापर्यंत पोचला होता.

हमाल स्टेशनबाहेरच्या चौकात उभा राहून एकोणचाळीस वर्षं झाली होती. माणसाएवढाच, ब्राँझचा, खाली चौथरा नाही, सरळ फरसबंदीवर. डोक्यावर कानटोपीसारखी टोपी, अंगात जाड रजईचा कोट, डावा हात अंगाशी, उजवा पुढे, तळवा वर. गाव म्हणतं, तो बक्षिशी मागतोय. चौऱ्याऐंशी सालच्या सप्टेंबरात नगराध्यक्षांनी त्याच्यावरचं कापड ओढलं आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “सामान उचललं नाही, आणि हात आधी पुढे!” झालं. ते जे चिकटलं ते चिकटलंच. तेव्हापासून त्या हातात काय काय ठेवून झालं होतं. बिअरच्या रिकाम्या बाटल्या, सापडलेला एकुलता एक हातमोजा, खाऊन उरलेला सॉसेजचा तुकडा, नेमबाजांच्या जत्रेत हिरवी टोपी. परीक्षेला निघालेली पोरं त्याच्या बोटांना बोटं लावून गाडी पकडायची. त्यामुळे हमालाचं अंग काळपट हिरवं आणि तळवा घासलेल्या पितळी भांड्यासारखा लखलखीत. पुतळा मंजूर करणाऱ्या समितीनं तेव्हा विचारलं होतं, हमाल आहे तर सामान कुठे? एखादी पेटी तरी ठेवा की पायाशी. गेर्विन म्हणाला, पेटी नाही. का नाही? नाही म्हणजे नाही. कलावंत माणूस, विक्षिप्त असायचाच, असं म्हणून समितीनं सोडून दिलं. आणि नगरपालिकेच्या नोंदवहीत ‘कोणाचा पुतळा’ या रकान्यात गेर्विननं स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘माहीत नाही’. कारकुनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हमालाला कोण नावानं ओळखतं?

गल्लीच्या उतारावरून स्टेशनकडे जाताना गेर्विनच्या मनात नेमकं हेच आलं की चौथरा असता तर हे झालं नसतं. आणि चौथरा नको म्हणून तर तो आयुष्यभर भांडला होता. थडगी घडवणाऱ्याच्या हाताखाली तो दगडकाम शिकला, मग कला-अकादमीत गेला, तर तिथे सगळे लोखंडाचे गज वाकवून त्याला ‘अवकाश’ म्हणत होते. हा एकटा नाक-डोळे असलेली माणसं करत बसला. “ओस्टहोल्ट, तुझं बरं आहे, तुला बागेत शोभेला ठेवतात ते बुटके करायला मिळतील,” असं त्याचे प्राध्यापक सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, आणि पुढे एका मोठ्या वर्तमानपत्राच्या समीक्षकानं तेच वाक्य जरा शुद्ध भाषेत छापलं. पण सत्तर सालानंतर गावोगावच्या लोकांनी मुख्य रस्ते मोटारींना बंद केले, आणि मोटारी गेल्यावर त्या जागी काय ठेवायचं, हे कोणालाच कळेना. कुंड्या ठेवून झाल्या, बाकं ठेवून झाली. मग त्यांना गेर्विन ओस्टहोल्ट आठवला. तीस-पस्तीस गावांत त्याची माणसं उभी राहिली. अट एकच, चौथरा नाही. राजे आणि सेनापती वर चढवून आपल्या देशानं काय दिवे लावले ते त्यानं लहानपणी पडक्या घरांमधून चालताना पाहिलं होतं. माझी माणसं खाली राहतील, रस्त्यावर, लोकांच्या खांद्याला खांदा लावून, असं तो प्रत्येक समितीला सांगायचा. खांद्याला खांदा. आणि आता बरगडीला हात.

चौकात बांधकाम खात्याचा डीकहोफ आधीच आलेला होता. चाळिशीचा, नीटस माणूस, केशरी बंडी घातलेला, हातात घडीची लाकडी मोजपट्टी. गेल्या शरदात चौक नवा केला तेव्हा स्टेशनच्या दारापासून बसथांब्यापर्यंत न दिसणाऱ्यांसाठी खाचांच्या पांढऱ्या फरशांची पट्टी टाकली होती. काठीचं टोक खाचेत धरायचं आणि सरळ चालत राहायचं. ती पट्टी हमालाच्या अगदी पुढून जात होती. “बघा साहेब, नकाशात सगळं बरोबर आहे,” डीकहोफ नमस्कारही न करता म्हणाला, म्हणजे रात्रभर त्याच्या डोक्यात तेच असणार. “नियम म्हणतो, पट्टीच्या बाजूला साठ सेंटीमीटर मोकळे हवेत. आम्ही नव्वद सोडलेत. मोजा तुम्ही.” त्यानं हमालाच्या बुटापासून पट्टीपर्यंत मोजून दाखवलं. नव्वद होते. “आणि हात?” गेर्विन म्हणाला. “नकाशात हात नसतो. जमिनीला जेवढं टेकतं तेवढंच नकाशात.” “माणसाला हात असतो हे तुमच्या खात्यात कोणालाच माहीत नव्हतं?” “माहीत होतं हो,” डीकहोफ कळवळून म्हणाला, “पण त्याच्यासाठी खूण नाही.” गेर्विनला हसू यायला लागलं, मग आलं नाही. काठी जमिनीवरून फिरते, तिला बूटही लागत नाही आणि कमरेवर पुढे आलेला हातही लागत नाही, आणि काठीमागून येणारी बाई गाडी चुकू नये म्हणून भरभर चालत असते. त्यानं डोळ्यांसमोर आणलं आणि त्याच्या स्वतःच्या बरगडीत कळ आली.

“मग पट्टी हलवा.” “पट्टी राज्याच्या निधीतून झालीय. पाच वर्षं तिला बोट लावता येत नाही.” डीकहोफनं मोजपट्टीची घडी केली. “मी रात्री बसून तीन मार्ग काढलेत. एक, ह्याला उचलून संग्रहालयाच्या मागच्या अंगणात ठेवायचं. तिथं कुलूप असतं, कोणी आदळायचा प्रश्नच नाही. दोन, भोवती लोखंडी कठडा. तीन, ह्याला पाव फेरा फिरवायचा म्हणजे हात पट्टीवर येणार नाही, आणि तरी कोणी आडवं आलं तर लागू नये म्हणून हाताच्या बरोबर खाली जमिनीवर काहीतरी ठेवायचं, काठीला लागेल असं. आमच्याकडे सिमेंटच्या कुंड्या शिल्लक आहेत. जिरॅनियम लावू. लाल.” “ह्याच्या हाताखाली कुंडी?” “छान दिसेल हो.” “डीकहोफ, तुमच्या हाताखाली मी कुंडी ठेवली तर?” डीकहोफनं मोजपट्टी बंडीच्या खिशात घातली. बिचारा वाईट माणूस नव्हता. काम तुमचं आहे, तुमच्या सहीशिवाय आम्ही त्यात बदल करू शकत नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं, आणि महिनाअखेरपर्यंत काही ठरलं नाही तर मात्र धोका म्हणून उचलून अंगणात न्यावंच लागेल, हेही सांगितलं. आज मार्चची सहा तारीख होती. हमालाच्या तळव्यावर कोणीतरी सकाळीच कॉफीचा कागदी पेला ठेवून गेलं होतं. गेर्विननं तो उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि आता तो हात रिकामा दिसायला लागला म्हणून त्याला उगीचच टाकला असं वाटलं.

ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती. लोक त्या हातात काहीबाही ठेवायचे तेव्हा त्याला टोचायचं, आणि टोचता टोचता बरंही वाटायचं. निदान कोणीतरी काहीतरी देत होतं. हात तसाच राहत नव्हता. अंगणात, कुलुपात, तो तसाच राहणार होता, पाऊस पडला तर तळव्यात पाणी साचणार होतं आणि उन्हात सुकणार होतं, बस्स. कठडा घातला तर तो कठड्यातून हात काढल्यासारखा दिसणार होता, आणि ते तर गेर्विनच्यानं बघवलंच नसतं. तो आपल्या कारखान्यात आला, जुन्या दुग्धालयाच्या इमारतीत, जिथं पन्नास वर्षं तो काम करत होता, आणि स्टोव्ह न पेटवताच बसून राहिला. समोर त्याच्या हत्यारांची पेटी होती. कुठल्यातरी खोक्यांच्या फळ्या जोडून केलेली, कोपऱ्यांना डब्याचा पत्रा ठोकलेली, धरायला तारेचा पीळ. आतल्या एका फळीवर रशियन अक्षरं अजून दिसायची. त्याचे वडील आल्विन ओस्टहोल्ट, सुतार, यांनी ती युद्धकैद्यांच्या छावणीत केली होती आणि एकोणपन्नास सालच्या डिसेंबरात त्याच स्टेशनवर हातात घेऊन उतरले होते. गेर्विन तेव्हा आठ वर्षांचा होता. वडील शेवटचे सुट्टीवर आले तेव्हा तीन वर्षांचा. घरात कपाटावर फोटो होता, भरल्या गालांचा, हसरा, आणि रोज झोपताना त्या फोटोला शुभ रात्री म्हणायचं असा आईचा नियम होता. तार आली त्या दिवशी आईनं त्याचे केस ओले करून इतके चापून बसवले की स्टेशनवर जाईपर्यंत डोकं गार पडलं. त्या काळी फलाटावर जायलाही तिकीट लागायचं. आईनं त्याचं तिकीट त्याच्याच हातात दिलं, भुऱ्या पुठ्ठ्याचं, भोक पाडलेलं. “या खांबापाशी उभा राहा. हलायचं नाही. आणि तिकीट हरवायचं नाही, परत जाताना दाखवावं लागतं.” मग गाडी आली आणि आई डब्यांमागे धावत गेली.

तो हलला नाही. तो सांगितलेलं ऐकणारा मुलगा होता, तेव्हा सगळे तसेच होते. वाफेतून माणसं येत होती आणि बायका रडत होत्या. मग एक माणूस त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. टोपीचे कान खाली सोडलेले, गाल आत गेलेले, कपड्यांना जंतुनाशकाचा वास. त्यानं पेटी खाली ठेवली आणि काही न बोलता हात पुढे केला, तळवा वर. टोपी घातलेला माणूस स्टेशनवर हात पुढे करतो म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलाला चांगलंच माहीत होतं. गेर्विननं त्या हातात तिकीट ठेवलं. सरळ, भोक पाडलेली बाजू वर करून, शिकवलं होतं तसं. माणसानं तिकिटाकडे पाहिलं. मग आई पलीकडून धावत आली. त्याच्यापुढचं गेर्विनला आठवायचं नव्हतं, आणि ते आठवू नये म्हणूनच तो कारखान्यात एकटा असताना रेडिओ चालू ठेवायचा. आज रेडिओ बंद होता.

रविवारी दुपारी तो मेंकेबाईंकडे गेला. बरोबर बटर केक, कारण रिकाम्या हातानं कसं जायचं. त्या स्टेशनमागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या, सत्तरीच्या, ठेंगण्या, छातीला पट्टा बांधून खुर्चीत ताठ बसलेल्या. “या, ओस्टहोल्टसाहेब. लेकानं मारलं आणि बाप केक घेऊन आला, पद्धतशीर आहे,” त्या म्हणाल्या. “हसवू नका मात्र, दुखतं.” गेर्विननं माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हात हलवला. “माझीच चूक. मला ठाऊक होतं ना तो कुठे उभा आहे. पंधरा वर्षं मी त्याला चार पावलं वळसा घालून जाते. पण आता ती पट्टी. पट्टी म्हणाली सरळ. म्हटलं, सरकारनं आपल्यासाठी एवढं केलंय, आपण कशाला शहाणपणा करा. पायांना कळत होतं बघा, आता तो येणार, आता येणार, आणि मी तरी आपली पट्टीवरून सरळ.” त्या हसल्या आणि “आई गं” म्हणून बरगडी धरली. “चाळीस वर्षं कोर्टात काढली की असं होतं.” गेर्विनला त्या क्षणी त्या फार आवडल्या. ज्या माणसांनी सांगितलेलं ऐकलं ती माणसं एकमेकांना लगेच ओळखतात.

कॉफी त्यांनीच ओतली, पेल्याच्या काठावर बोट ठेवून, थेंबही न सांडता. मग म्हणाल्या, “बरं झालं आलात. मला तुम्हाला कधीची एक गोष्ट विचारायची होती. बसला वेळ असला की मी जाते त्याच्याकडे. त्याचा हात धरून उभी राहते. गाव म्हणतं बक्षिशी मागतो. मला नाही वाटत. मागणाऱ्याची बोटं जरा आत वळतात, त्याची नाहीत. आणि तळव्यात एक चौकोन आहे. लहानसा, नखाच्या जाडीएवढा खोल, मधे एक भोक. मी कितीजणांना विचारलं. डोळस लोक म्हणतात, काही नाही हो बाई, झिजलंय. झिजून कुठे चौकोन होतो? ते काय आहे?” गेर्विननं पेला खाली ठेवला. मेणाच्या नमुन्यात त्या तळव्यावर त्यानं स्वतः ते तिकीट दाबलं होतं, खरंखुरं, आणि उचलून घेतलं होतं. एकोणचाळीस वर्षांत ते कोणालाही दिसलं नव्हतं. ना समितीला, ना समीक्षकाला, ना स्वतःच्या बायकोला, जी पुढे कासेलच्या एका दंतवैद्याबरोबर निघून गेली आणि जाताना म्हणाली की तुझ्या माणसांना हात आहेत, तुला नाहीत. “फलाटाचं तिकीट आहे,” तो म्हणाला. “माझं.”

आणि मग त्यानं सांगितलं. खांब, आई, गाडी, हात, तिकीट. मेंकेबाई टेलिफोनवर ऐकल्यासारख्या मान किंचित कलती करून ऐकत होत्या, मधे हं नाही की हो नाही. “मग आई आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, ओळखीचे असतील. मग आम्ही तिघं फाटकापाशी आलो. तिथं खरा तिकीट घेणारा उभा होता. मला म्हणाला, बाळ, तिकीट? मी म्हटलं, दिलं. कोणाला? मी बोट दाखवलं. यांना. तो म्हणाला,” गेर्विन थांबला. खाली रस्त्यावरून बस गेली. “तो म्हणाला, हे कोण? आणि मी म्हटलं, माहीत नाही.” “आणि ते?” “ते काही बोलले नाहीत. आईनं माझ्या दंडाला धरलं. तिकीट घेणाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या कोटाकडे पाहिलं, आणि म्हणाला, ठीक आहे, जा तुम्ही. घरी गेल्यावर त्यांनी पेटी उघडली. त्यात वाळलेला पाव होता आणि एक लाकडी कोंबडी, दोरी ओढली की दाणे टिपणारी. तीन वर्षांच्या मुलासाठी केली होती. मी आठ वर्षांचा होतो. मी म्हटलं, ही लहान मुलांची आहे.” त्याचा आवाज सरळच होता, हिशेब सांगावा तसा, पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायची गरज नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं.

“नंतर कधी बोललात त्यांच्याशी यावर?” “नाही.” “हात हातात घेतला नाहीत?” “वाढदिवसाला, नाताळला मिळवायचो की हात. सगळे मिळवतात. पण तो वेगळा.” “किती वर्षं होते ते?” “अजून अकरा-बारा. एकसष्ट साली गेले. दाढीच्या डब्यात तिकीट सापडलं. आईनं मला दिलं, म्हणाली, हे काय आहे काय माहीत, तुला हवं असेल तर घे. त्यांनी ते का ठेवलं, मेंकेबाई? राग म्हणून, की लेकाच्या हातची पहिली वस्तू म्हणून? मला बासष्ट वर्षं कळलेलं नाही.” मेंकेबाईंनी आपला पेला खाली ठेवला. त्यांनी काही शहाणपणाचं बोलावं अशी गेर्विनला भीती वाटली. पण त्या एवढंच म्हणाल्या, “मला काय माहीत? तुम्ही त्यांना विचारलं नाहीत, आता मला विचारताय.” आणि केकचा दुसरा तुकडा पुढे सरकवून म्हणाल्या, “पण त्याला अंगणात नेऊ नका. माझ्या बरगड्यांची शपथ आहे. मला तिथं जाता येणार नाही, कुलूप असतं. आणि ती कुंडी तर नकोच. मला जिरॅनियमचा वास चालत नाही.”

जिना उतरताना त्याच्या मनात पेटी आली. म्हणजे ती रोजच डोळ्यांसमोर होती, पण आता आली. हाताच्या बरोबर खाली, जमिनीवर, काठीला लागेल असं काहीतरी. माणसानं पेटी खाली ठेवली आणि मग हात पुढे केला. हेच तर झालं होतं, याच क्रमानं झालं होतं, आणि पेटी त्यानं मुद्दाम गाळली होती, कारण ती खोक्यांच्या फळ्यांची पेटी ठेवली असती तर कोणालाही कळलं असतं की हा हमाल नाही, हा दुरून आलेला माणूस आहे आणि समोर कोणीतरी असायला हवं. पेटीवाचून तो हमाल झाला, आणि हमाल झाल्यावर त्याला कोणीही ओळखायची जबाबदारी उरली नाही. एकोणचाळीस वर्षांपूर्वी गेर्विननं चौकात आपल्या बापाला उभं केलं होतं आणि सगळ्या गावाला बोट दाखवून पुन्हा म्हटलं होतं, माहीत नाही. रस्त्यात थांबून तो मोठ्यांदा म्हणाला, “गाढवा.” कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईनं वळून पाहिलं.

डीकहोफनं पेटीची लांबी, रुंदी, उंची तीनदा विचारली. “कडा टोकदार नाहीत ना? पंचेचाळीस सेंटीमीटर उंच? मग तर कोणी बसूही शकेल,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क आनंद होता, कारण बसण्याच्या जागा चौकात नियमापेक्षा दोन कमी पडत होत्या. गेर्विननं सही केली. मग हत्यारं बाहेर काढून पेटी ओतशाळेत नेली. पोलश्मिटनं, ज्याच्या बापानं हमाल ओतला होता, पेटी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, “रशियन अक्षरं ठेवायची?” “ती आतल्या बाजूला आहेत. राहू देत आतच.” “तारेचा पीळ?” “तो मात्र जसाच्या तसा.” साचा घेताना लाकूड दुखवायचं नाही, असं त्यानं इतक्या वेळा बजावलं की शेवटी पोलश्मिट म्हणाला, “म्हातारबा, घरी जा आता, नाहीतर तुमचाच साचा घेतो.” एप्रिल गेला, मे गेला. गेर्विन इतक्या वर्षांत शिकला होता की ब्राँझला घाई कळत नाही, पण या वेळी त्याला होती. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला दोन महिने म्हणजे पुष्कळ. रोज सकाळी तो स्टेशनवर चक्कर मारून यायचा. हमालाभोवती तात्पुरती लाल-पांढरी फीत बांधली होती आणि फितीतूनही लोक त्याच्या हातात काहीबाही ठेवून जात होते.

जूनच्या दुसऱ्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाला क्रेन आली. हमालाच्या बुटांखालचे गज कापून त्याला उचललं, पाव फेरा फिरवलं आणि पुन्हा बसवलं. आता त्याचं तोंड स्टेशनच्या दाराकडे होतं. मग पेटी आली, नवी, अजून तांबूस, आणि हाताच्या खाली टेकली. भाषण नव्हतं, बँड नव्हता. बाजारातून येणाऱ्या बायका पिशव्या घेऊन थांबल्या, कोणीतरी म्हणालं, “आलं एकदाचं सामान!” आणि सगळे हसले. मेंकेबाई पट्टीवरून आल्या आणि हमालाकडे वळल्या. काठी पेटीला लागली आणि टण् असा आवाज झाला. त्यांनी काठीनं पेटीच्या चारही बाजू मोजल्या, वाकून तारेचा पीळ चाचपला. “छान,” त्या म्हणाल्या. “आता मला लांबूनच कळेल. आधी तुम्ही बसा, माझी बस आहे.”

गेर्विन पेटीवर बसला. गुडघ्यांमुळे जरा धपकन बसला. आणि तेव्हा त्याला दिसलं ते त्यानं कधी मोजलं नव्हतं, कुठल्याही नकाशात काढलं नव्हतं. बसल्यावर तो हात त्याच्या छातीच्या वर, खांद्यापाशी येत होता. तेव्हा आला होता तितकाच उंच. वर टोपी, टोपीखाली आत गेलेले गाल, सकाळचं ऊन एका कानावर. स्वतःच घडवलेला तो चेहरा त्यानं खालून कधी पाहिला नव्हता, आणि खालून तो रागावलेला दिसत नव्हता. घाबरलेला दिसत होता. त्यानं उजवा हात उचलला आणि त्या तळव्यात ठेवला. ब्राँझ उन्हानं कोमट झालं होतं. अंगठ्याखाली चौकोन लागला, मधलं भोक लागलं. तो चौकोन त्याच्या हाताखाली पूर्ण झाकला गेला.

“साहेब, एक राहिलं,” डीकहोफ केशरी बंडीत समोर येऊन उभा राहिला. डोक्यावर कामावरची टोपी, हातात फळीला लावलेला कागद. “बदल केला की नोंद नव्यानं करावी लागते. बाकी सगळं मी भरलंय. ‘कोणाचा पुतळा’ इथं जुन्या नोंदीत नुसतं ‘माहीत नाही’ आहे. तेच ठेवू की काही घालायचंय?” त्यानं पेनानं हमालाकडे दाखवलं. “हे कोण?”

गेर्विननं हात सोडला नाही.

“माझे बाबा,” तो म्हणाला. “आल्विन ओस्टहोल्ट.”

डीकहोफनं एकदा त्याच्याकडे, एकदा वर टोपीकडे पाहिलं. मग खाली बघून लिहायला लागला. “आणि पेटी?”

“त्यांचीच.”

“ठीक आहे,” डीकहोफ म्हणाला. त्यानं पेनाला टोपण लावलं. “झालं. जा तुम्ही.”

पण गेर्विन तिथंच बसून राहिला.